थांबचा दगड

आमच्या घरमालकीण काकी दगड वाचायच्या. हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारा लगेच खुर्ची पुढे ओढतो, कारण त्याला वाटतं आता काकींची टिंगल सुरू होणार. माझाही बेत बरीच वर्षं तोच होता. पण ह्या सगळ्या प्रकरणात टिंगल करण्याजोगा माणूस एकच निघाला, आणि तो काकींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता.

दगड म्हणजे रून. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतली कुठलीशी जुनी लिपी. एकेका दगडावर एकेक चिन्ह कोरलेलं. न बघता थैलीत हात घालायचा, एक दगड काढायचा आणि त्यावरचं चिन्ह आपल्या पुढच्या आयुष्याबद्दल काय म्हणतं ते ऐकायचं. काकींचा मुलगा शिपवर असायचा. त्याने एका सुट्टीत येताना कुठल्या तरी बंदरातून हे आईसाठी आणलं. करडे, गुळगुळीत, सुपारीएवढे दगड, मखमली थैली आणि सोबत घडी घातलेला इंग्रजी कागद. दुसऱ्या कुठल्याही आईने ते शोकेसमध्ये मांडून ठेवले असते. काकींना थैली फार आवडली, म्हणून तिच्यात त्यांनी आपली नथ ठेवली आणि दगड टाकले सुकटीच्या रिकाम्या डब्यात. त्यामुळे माझं भविष्य मी जेव्हा जेव्हा हातात घेतलं, तेव्हा त्याला सुक्या जवळ्याचा वास होता. मी वाईकडचा, शाकाहारी. सुरुवातीला भविष्य ऐकून झाल्यावर मी हात दोनदा धूत असे.

पनवेलच्या कडेला जे जुनं आगरी गाव आहे, त्यात काकींचं तीन मजली घर होतं. शेती कधीच गेली होती, काही रस्त्यात, काही कशात. त्याबद्दल काकी फारसं बोलायच्या नाहीत. फाटकाच्या आत प्लास्टिकची खुर्ची टाकून, लुगडं पोटरीपर्यंत खोचून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून त्या दिवसभर बसायच्या. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय, सगळं त्यांना ठाऊक असायचं. हाताला काम हवं म्हणून सुकट निवडायच्या. डोळे उघड्या दारातून दिसणाऱ्या टीव्हीवर. टीव्हीचा आवाज मात्र बंद. मालिकेतली माणसं काय बोलत असतील ते त्या स्वतःच ठरवायच्या, आणि एकदा मी आवाज मोठा करून बघितला तेव्हा कळलं की काकींची मालिका मूळ मालिकेपेक्षा पुष्कळ बरी होती.

कागद इंग्रजीत, म्हणून मला खाली बोलावणं आलं. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. पनवेलमध्ये ह्याचा अर्थ लग्नपत्रिका तपासणारा. इकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हळदीपेक्षा निमंत्रकांची यादी मोठी, आणि त्या यादीत एखाद्या काकाचं नाव राहिलं तर दोन घरं कायमची बोलायची थांबतात. तशी ती थांबू नयेत म्हणून मला पगार मिळायचा. खिशाला कायम लाल पेन असे. ते पेन बघून काकींनी मला पहिल्याच दिवशी मास्तर करून टाकलं. मी कधी शाळेत शिकवलेलं नाही, हे मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मास्तरच म्हणत राहिल्या.

तर मी कागद वाचत गेलो आणि काकी एकेक दगड समोर मांडत गेल्या. पहिलं चिन्ह गुरांचं, म्हणजे संपत्तीचं. हे त्यांना लगेच पटलं. मग एका चिन्हाखाली कुठल्याशा प्राण्याचं नाव आलं. मी समजावून सांगितलं की हा सांबरासारखा असतो, शिंगं मोठी, थंड प्रदेशात राहतो, आपलं रक्षण करतो. काकींनी डोकं हलवलं. कर्नाळ्याच्या जंगलात असलं जनावर नाही, म्हणजे त्याचा आपल्याला उपयोग नाही. त्यांनी दगड उलटसुलट करून पाहिला. मधे एक सरळ रेघ, वर दोन बाजूंना फुटलेल्या दोन शाखा. त्या म्हणाल्या, हा तर पळस्पे फाटा. झालं. तेव्हापासून तो पळस्प्याचा दगड. ज्याला तो निघेल त्याला काकी सांगायच्या की इकडे पुणं, तिकडे गोवा, कुठे जायचं ते ठरव आणि आधीपासून इंडिकेटर दे.

दोन पोटं पुढे आलेलं एक चिन्ह होतं, त्याला त्यांनी पोटुशीचा दगड म्हटलं आणि कागदातही त्याचा अर्थ जन्म असाच निघाला, तेव्हा काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षा माझीच चालली आहे. फुलीच्या दगडावर मात्र आमचं भांडण झालं. कागद म्हणत होता, फुली म्हणजे भेट, देणं-घेणं. माझं सगळं आयुष्य फुल्या मारण्यात गेलेलं. फुली म्हणजे चूक, काढून टाका, असं मी ठासून सांगितलं. काकी शांतपणे म्हणाल्या, तुला कोणी कधी काय दिलंच नसेल. हे मला लागलं, कारण खरं होतं.

आणि मग आली उभी रेघ. नुसती एक सरळ रेघ, वर काही नाही, खाली काही नाही. कागदात तिच्यापुढे लिहिलं होतं, बर्फ. सगळं गोठणं. काही करू नये, वाट पाहावी. शिवाय एक जादा टीप होती की बाकीचे बहुतेक दगड उलटे पडले तर अर्थ बदलतो, ह्याचा बदलत नाही, कारण तो दोन्हीकडून सारखाच. मला वाटलं होतं की बर्फाळ देशातलं बर्फ काकींना समजावून सांगायला जड जाईल. काकींनी बर्फ बाजारात मासळीवर घातलेला बघितला होता.

“बर्फात घातला का थांबला,” त्या म्हणाल्या. “सडत नाय. पन पोहतबी नाय.”

इतका नेमका अर्थ त्या कागदावर नव्हता. मी तो समासात लाल पेनने लिहून ठेवला. त्या दगडाचं नाव पडलं थांबचा दगड.

चोवीस चिन्हं झाली आणि हातात एक दगड उरला. कोरा. मी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. माझ्यातला मुद्रितशोधक सुखावला. परदेशी माल असला तरी चुका होतातच, हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं. मी निकाल देऊन टाकला की हा दगड छापायचा राहिला आहे.

काकी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. काही तरी बोलतील असं वाटलं. पण त्या उठून आत गेल्या आणि नातीची लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या.

“मग तूच लिव त्याव,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मनात काय असंल तं लिव.”

मी विचारलं, काहीही? त्या म्हणाल्या, कायपन. मी ब्रश बुडवून बसलो. आता हे मान्य केलं पाहिजे की दुसऱ्याच्या मजकुरावर लाल खुणा करायला मला क्षणाचाही वेळ लागत नाही, पण कोरी जागा समोर आली की माझे हात गार पडतात. पळस्पे काढावा तर शाखा वाकड्या येतील. गुरं काढावीत तर लोभी दिसेन. नेलपॉलिश ब्रशवर वाळायला लागलं तेव्हा घाईघाईने मी ज्यात चूक व्हायला जागाच नाही असं चिन्ह काढलं. एक उभी रेघ. मला तर ती आपल्या मराठीतल्या कान्यासारखी दिसली, जो स्वतः काही बोलत नाही, दुसऱ्या अक्षराला टेकून उभा असतो.

काकींनी दगड हातात घेतला आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खुर्ची हलायला लागली. मला वाटलं रेघ वाकडी आली. मी पुसून देतो म्हटलं, तर त्यांनी दगड मुठीत लपवला. लिहिलं ते लिहिलं, म्हणाल्या, आता डब्यात दोन थांब. मग आत जाऊन माझ्यासाठी कोरा चहा घेऊन आल्या. काकींकडे चहा नेहमी कोराच मिळायचा. दूध आणि साखर शेजारी वेगळी ठेवलेली असायची, ज्याला हवं त्याने घ्यावं. मी तो तसाच पीत असे, कारण दूध किती घालावं हे मला ठरवता येत नसे.

काकींचे दगड वाचण्याचे नियम कडक होते. आधी साबणाने हात धुवायचे. मग पाण्याची मोटर चालू असेल तर बंद करायची, कारण मोटरच्या आवाजात दगड बोलत नाहीत. पैसे घ्यायच्या नाहीत. पण मुख्य नियम असा की प्रश्न सांगायचा नाही. कोणी सांगायला लागलाच तर काकी दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. म्हणायच्या, प्रश्न पोटात ठेव, बोटाला जो दगड धरेल तो काढ, मी दगड वाचते, माणसं नाही वाचत.

ह्यामुळे गंमत अशी व्हायची की उत्तर बरोबर आलं की चूक हे कळायला काकींना काही मार्गच नसायचा, आणि त्यांना त्याची पर्वाही नव्हती. आमच्या खालच्या भाडेकरूला त्यांनी पळस्प्याचा दगड वाचून खुशाल नीघ म्हणून सांगितलं आणि तो खरोखर पळस्प्यालाच ट्रकच्या मागे अर्धा दिवस अडकून पडला. परत येऊन तो भांडायला लागला. काकी म्हणाल्या, दगडात पळस्पा आला होता ना, मग तुला पळस्पा मिळाला. एका बिल्डरला त्यांनी पोटुशीचा दगड काढून अभिनंदन केलं. तो पन्नाशीचा, अविवाहित गृहस्थ होता. तो गेला तो परत आलाच नाही. एका कोळिणीने म्हणे नवीन बोट घ्यावी का हा प्रश्न पोटात ठेवून गारांचा, म्हणजे नुकसानीचा, दगड काढला, बोट घेतली, आणि तिचं उत्तम चाललं. काकींना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या. दगड घेतला कशाला मग, म्हणाल्या, ऐकायचं नव्हतं तर.

मी छापखान्यात हे सगळे किस्से रंगवून सांगायचो. विवेकवादी म्हणून माझं तिथे थोडं नाव होतं. जेवणाच्या सुट्टीत मी अंधश्रद्धेवर बोलायचो आणि संध्याकाळी घरी जाऊन हात साबणाने धुवायचो.

कारण मला एक प्रश्न पडला होता. आमच्या छापखान्यात एक ऑपरेटर होती. पत्रिका ती टाइप करायची, मी तपासायचो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, म्हणजे तिशीही उलटलेली, कारण मी तेव्हा चाळिशीच्या दारात होतो. तिचे आईवडील गेलेले. भाऊ बडोद्याला, त्याचा तिथे ह्याच धंद्यात जम बसलेला. तो तिला कायमची तिकडे बोलवत होता. तिथे एक स्थळही पाहून ठेवलं होतं त्याने. दिवाळीपर्यंत काय ते कळव, असं त्याचं म्हणणं. हे सगळं तिने मला एका दुपारी, एका हळदीच्या पत्रिकेचं प्रूफ माझ्या हातात देताना सांगितलं. बोलून झाल्यावर ती थोडी थांबली. हे तिने मलाच का सांगितलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी तिला बडोद्याच्या हवामानाची माहिती दिली. उन्हाळा कडक, पण हवा कोरडी, असं म्हणालो.

त्या संध्याकाळी मला कळलं की ती गेली तर मला ह्या गावात राहण्याचं काही कारण उरत नाही. पत्रिका काय, सगळीकडे छापतात. मला ती हवी होती. इतकं सरळ होतं ते. आणि ते तिला सांगायचं सोडून मी खाली जाऊन काकींच्या सुकटीच्या डब्यात हात घातला. विचारू का?

थांब.

नेलपॉलिशची रेघ दगडावर जराशी उंच राहिली होती. बाकी सगळे दगड गुळगुळीत, हा एकच बोटाला खरखरीत लागायचा. तो लागला की मला कळायचं की हा तो. सोडून दुसरा उचलता आला असता. पण काकींचा नियम होता की बोटाला धरेल तो काढायचा, आणि आयुष्यात नियम मी फक्त सोयीचे असतील तेव्हा मनापासून पाळले आहेत. काकी दगड बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, थांब. मी हुश्श करून कोरा चहा प्यायचो. गणपतीत थांब निघाला. नवरात्रात थांब निघाला. मधे एकदा पळस्पा हाताला आला होता, तो मी परत टाकला आणि हात पुन्हा घातला. काकींनी ते पाहिलं आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं.

एकदा त्यांनी विचारलं मात्र. “मास्तर, तुना दुसरा दगड नको का?” मी म्हटलं, माझ्या हातात थोडंच आहे, काकी. त्यांनी सुकट निवडायला घेतली. 

इकडे छापखान्यात तिच्या चुका वाढत चालल्या होत्या. इतकी चोख टाइप करणारी बाई, पण प्रत्येक प्रुफात एक तरी चूक. ती दाखवायला मला उठून तिच्या टेबलाशी जावं लागायचं. मी जायचो, लाल खूण दाखवायचो, ती मान हलवायची, मी परत यायचो. एकदा तर मी प्रुफाच्या समासात ‘कृपया लक्ष द्यावे’ असं लिहिलं. ते वाक्य कोणी कोणाला लिहायला हवं होतं, हे मला आज कळतं.

दिवाळी तोंडावर आली. सगळ्यांच्या पत्रिका एकदम. एका दुपारी मी असाच एका चुकीवर बोट ठेवून तिच्या टेबलाशी उभा होतो आणि ती स्क्रीनकडे बघत म्हणाली की तिने भावाला नाही कळवलं. बडोद्याला ती जात नाही.

माझ्या तोंडून फक्त ‘का’ निघालं.

“तुमच्या काकींनी थांब सांगितलं,” ती म्हणाली.

मी सांगितलेले किस्से ऐकून ती स्वतःच काकींकडे जाऊन आली होती. एकदा नाही, पुष्कळदा. मी प्रुफात डोकं घालून बसलेला असायचो त्या वेळात. हात साबणाने धुऊन, मोटर बंद करून. आणि दर वेळी काकींनी तिला सांगितलं होतं, थांब. मला जे म्हणाल्या तेच. मी त्याचा अर्थ घेतला होता, पुढे जाऊ नकोस. तिने अर्थ घेतला होता, जाऊ नकोस, वाट बघ. शब्द एकच. मराठीवर पोट भरणाऱ्या माणसाला ह्या शब्दाला दोन बाजू आहेत हे ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, मलाही थांबच निघतो. तेव्हा तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“तुम्ही काय विचारलं होतं?”

“प्रश्न सांगायचा नसतो,” मी म्हणालो. असा नियम आहे, हेही पुढे जोडलं.

 मग माझ्या हातातलं प्रूफ तिने काढून घेतलं आणि माझी लाल खूण मलाच दाखवली.

“इथे शुभविवाहला एक काना जास्त आहे. काल वेलांटी चुकली होती. परवा नवरीमुलीचं नाव. मी इतकी वर्षं टाइप करतेय. एवढ्या चुका कोणी चुकून करतं का?”

मागे मशीन चालू होतं म्हणून बरं. माझ्या कानात ते मशीनच वाजत होतं असं मी समजलो. सगळ्या चुका डोळ्यांसमोरून गेल्या. प्रत्येक चूक बरोबर माझ्या येण्याच्या वेळेला, प्रत्येक चूक अशी की उठून जावंच लागावं. मी त्या सगळ्या पकडल्या होत्या. एकही सुटली नव्हती. पण मी एकही वाचली नव्हती. मग मी तिला माझा प्रश्न सांगितला. काय बोललो ते इथे देत नाही, कारण वाक्यरचना सपशेल चुकीची होती. तिने दुरुस्ती केली नाही. नुसतं हो म्हणाली.

संध्याकाळी आम्ही दोघं काकींकडे गेलो. मी घाबरलो होतो. काकी काय म्हणतील ह्याची भीती मला आईवडिलांपेक्षा जास्त वाटत होती, का ते ठाऊक नाही. मी सगळं सांगितलं. काकींनी सुकटीचं ताट बाजूला ठेवलं, आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दोघांचा सवाल येकच व्हता,” त्या म्हणाल्या, “तं मना चा दोनदा कराला का लावलात?”

आणि आम्ही उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, थांबा, जेवून जा. तिच्यासाठी मासे, माझ्यासाठी वालाचं बिरडं. इतके दिवस मी एकटा होतो तेव्हा थांब होतं. त्या दिवशी त्याला काना लागला. मुद्रितशोधकाच्या डोक्यात असल्या वेळी असलेच विचार येतात, त्याला इलाज नाही.

आमच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः तपासली. तीत एक चूक राहिली. कोणती ते सांगत नाही. सासरची माणसं ती अजून सांगतात.

पुढे काकींचं घर पाडून तिथे टॉवर उभा राहायचा ठरला. काकी उलव्याला नव्या इमारतीत गेल्या, बऱ्याच वरच्या मजल्यावर. तिथे फाटक नाही, म्हणून त्या लिफ्टच्या समोर खुर्ची टाकून बसायच्या. सोसायटीने दोनदा हरकत घेतली. मग सेक्रेटरीने एकदा हात धुऊन दगड काढला आणि त्यानंतर हरकत आली नाही. आम्ही जायचो तेव्हा खालून बांधकामाची धूळ यायची आणि आवाज यायचा. काकी म्हणायच्या, इतक्या मोटरी चालू असल्यावर दगड बोलतील कसे. थकल्या होत्या. डबा शेजारी असायचा. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी हात घालू दिला नाही. तुझं झालं, म्हणायच्या.

काकी गेल्या त्याला आता वर्ष होईल. निरोप आला तेव्हा मी प्रूफ तपासत होतो. पुढचं पान मला दिसेना, म्हणून उठून बाहेर गेलो आणि रस्त्यात उभा राहून रडलो. रडावं की नाही हे त्या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही.

कार्य झाल्यावर त्यांच्या मुलाने मला बाजूला बोलावलं. शिप सोडून तो कायमचा घरी आला होता. त्याच्या हातात तो डबा. आईने सांगून ठेवलं होतं म्हणे, मास्तरचा दगड मास्तरला दे. पण ह्यातला मास्तरचा कोणता, ते त्याला कळेना. मी डब्यात हात घातला. एवढ्या वर्षांत नेलपॉलिश खूपसं उडालं होतं. तरी तो बोटाला बरोबर लागला. मी बाहेर काढून त्याला दिला.

त्याने अंगठ्याच्या नखाने उरलेला लाल पापुद्रा खरवडून टाकला. दगड एकदम कोरा झाला.

“ह्याच्यावर कोणी रंग लावला?” तो म्हणाला. “हा कोराच असतो. मुद्दाम.”

मी म्हटलं, कागदावर तसं काही नव्हतं. तो म्हणाला, कागदावर नसतं, दुकानवाल्याने बजावून सांगितलं होतं. बाकी दगडांवर लिहिलेलं असतं, ह्याच्यावर कोणीच काही लिहिलेलं नाही. ज्याच्या हाताला हा येईल त्याने आपलं आपण ठरवायचं.

“हे तुम्ही काकींना सांगितलं होतं?”

“दिले तेव्हाच,” तो म्हणाला. “ह्या एकाचंच तर आई विचारत होती. बाकीच्यांचं म्हणाली, मास्तर वाचून दाखवील.”

मी तिथे खुर्चीवर बसलो. काकींची ती जरा वेळ माझ्याकडे बघण्याची नजर मला आठवली. बाटली आणायला आत गेल्या, ते आठवलं. तुझ्या मनात काय असेल ते लिही. त्या मला काम सांगत नव्हत्या. माझं पुढचं सगळं आयुष्य त्यांनी कोरं करून, वर नेलपॉलिश देऊन माझ्या हातात ठेवलं होतं, कायपन लिही म्हणून सांगितलं होतं, आणि मी विचार करकरून, चूक होऊ नये म्हणून, त्यावर थांब लिहिलं होतं. हसणार नाहीत तर काय करतील. मग तेच माझं अक्षर मला महिनोन्‌महिने वाचून दाखवत राहिल्या, ह्याला कधी तरी आपलं अक्षर ओळखू येईल म्हणून. मला माझंच प्रूफ कळलं नाही.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, कारण माझ्या त्या रेघेपायी तिचेही दिवस गेले होते. ती दगड हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, डब्यात हात घातला की मलाही ती रेघ बोटाला लागायची, आणि मीही दर वेळी मुद्दाम तीच काढायचे. मला जायचं नव्हतंच. कोणी तरी थांब म्हणायला हवं होतं.

ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल नेलपॉलिशची बाटली होती. तिने झाकण फिरवून काढलं, ब्रश माझ्या हातात दिला आणि कोरा दगड माझ्यापुढे ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली. “आता काय लिहिता?”

मी दगडाकडे बघितलं. उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

“थांब,” मी म्हणालो, “जरा विचार करू दे.”